साठ चौरस फुटांचं वावर

अमरावती जिल्ह्याने देशाला एक कृषिमंत्री दिला. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ दिल्लीत शेतीखातं सांभाळत होते, आणि १९५९ च्या डिसेंबरात त्यांच्या खटपटीने तिथे जागतिक कृषी प्रदर्शन भरलं तेव्हा खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. पुढे याच जिल्ह्याने मला जन्म दिला. जिल्हा तरी किती वेळ चांगलं पीक देणार?

मी अमरावतीचा, पण नोकरी, सासर आणि आता म्हातारपण अकोल्यात. पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालं तेही इथेच. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या जन्मगावाचा किंवा राहत्या गावाचा काही दोष नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. माझे सासरे शेतकरी होते, सासूबाई अजून आहेत, शेजारी शेतकरी, बँकेत समोरच्या बाकावर बसणारे सगळे शेतकरी. मी उभा जन्म पीककर्जाच्या फायली चाळल्या, कागदावर पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, चना असं हजारो एकर पेरलं, सातबारा डोळे मिटून वाचायला शिकलो, आणि घरी आल्यावर अंगणातली तुळस वाळवली. हल्ली तुळशीला सासूबाई पाणी घालतात. मला तिच्याजवळ जायची परवानगी आहे ती प्रदक्षिणेपुरती.

अशा माणसाने निवृत्तीनंतर काही लावायचंच म्हटलं तर मेथी लावावी, सांबार लावावा, फार हौस असेल तर मुळा लावावा. मी सलगम लावायचं ठरवलं. का, असं सगळ्यांनी विचारलं. भाजीवाल्यांपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना मी वेगवेगळी उत्तरं दिली, कारण खरं उत्तर साठीच्या माणसाला शोभणारं नव्हतं. आमच्या लहानपणी मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाकडून रशियन पुस्तकं यायची, जाड गुळगुळीत कागदाची आणि आमच्या वडिलांच्या खिशाला परवडणारी. त्या रशियात एक लोककथा फार लाडकी आहे. एकोणिसाव्या शतकात अफनास्येव नावाच्या गृहस्थांनी गावोगावच्या गोष्टी जमवल्या त्यांतली. एक आजोबा सलगम लावतात. ते इतकं मोठं होतं की उपटता उपटत नाही. मग आजोबांना आजी धरते, आजीला नात, नातीला कुत्रा, कुत्र्याला मांजर आणि मांजरीला शेवटी उंदीर, आणि सगळ्यांनी मिळून ओढल्यावर ते एकदाचं बाहेर येतं. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा सलगम पाहिलेलं नव्हतं. पण आजोबा व्हायचं तेव्हाच पक्कं केलं होतं.

प्रत्यक्ष दर्शन झालं ते लुधियान्याला. भाचा तिथे नोकरीला आहे. थंडीत गेलो तर गाड्या-गाड्यांवर सलगमाचे ढीग, खाली पांढरं, वर जांभळं; घरोघरी फ्लॉवर, गाजर आणि सलगमाचं गूळ घातलेलं गोडसर लोणचं. भाच्याच्या घरमालकांचं गावाकडे शेत होतं. त्यांनी निघताना घरच्या बियाण्याची एक पुडी हातात ठेवली. दुकानातल्या पाकिटातलं बी बहुधा बुरशीनाशक लावलेलं, गुलाबी-हिरव्या रंगात माखलेलं असतं; ते खायचं नसतं आणि दुरूनही ओळखू येतं. हे मात्र बिनऔषधाचं, बिनरंगाचं, बारीक, गोल, तपकिरी. हुबेहूब मोहरी.

घरी आल्याबरोबर बायको म्हणाली, “पुडी पुडीतच राहू द्या. वर पेनाने लिहा अन् देवघराच्या कप्प्यात ठेवून द्या.”

ही झाली अडाणी पद्धत. पुडीला ओल लागते, मुंग्या लागतात. मी बँकेतला माणूस. लग्नात आलेल्या सेटमधल्या छोट्या स्टीलच्या डब्या घरात होत्या, एकीत जास्तीची मोहरी, एकीत ओवा, एकीत मेथीदाणा. त्यातलीच एक रिकामी डबी मी घासून, पुसून, उन्हात तापवून घेतली, बी तिच्यात ओतलं, आणि सुवाच्य अक्षरात ‘सलगम बियाणे, लुधियाना’ अशी चिठ्ठी लिहून डिंकाने पक्की डकवली. झाकणावर.

मग अभ्यास. बागकामातला हा भाग मला उत्तम जमतो. एक जुनं लेजर काढलं आणि त्यात लिहीत गेलो: सलगम थंडीचं पीक, आशियाई आणि विलायती असे दोन प्रकार, पर्पल टॉप व्हाइट ग्लोब ही जगभर चालणारी जात, पुसा स्वर्णिमा आणि पुसा चंद्रिमा या दिल्लीच्या, दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन रोपांत १० ते १५, बी दीड सेंटिमीटरपेक्षा खोल नको, उगवल्यावर विरळणी केल्याशिवाय कंद धरत नाही, साधारण दोन महिन्यांत काढणी, ऊन फार झालं तर कंद जून, तिखट आणि धागेदार. या शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात थंडीचं पीक घ्यायचं म्हणजे मुहूर्त साधायला हवा.

वाचता वाचता मला एक पूर्वजही सापडला. इंग्लंडात चार्ल्स टाउनशेंड नावाचे एक लॉर्ड होते, राजाचे मंत्री. १७३० मध्ये राजकारण सोडून ते आपल्या नॉरफोकच्या जमिनीवर गेले आणि गव्हाच्या फेरपालटात सलगम घ्या म्हणून इतके मागे लागले की लोक त्यांना टर्निप टाउनशेंड म्हणू लागले. मंत्रिपद सोडून सलगम! मीही शाखेतली खुर्ची सोडून आलो होतो. हे मी कॉलनीच्या कट्ट्यावर सांगितलं. त्या दिवसापासून मी सलगमकाका झालो, आणि सांगायला संकोच वाटतो, मला ते आवडलं.

ऑक्टोबरात विद्यापीठाची शिवारफेरी होती. शेकडो शेतकरी आले होते, बायाबापड्या, कॉलेजची पोट्टी, टोप्या, उपरणी. एका प्लॉटवर एक शास्त्रज्ञ सोयाबीनवर बोलत होते, पुढच्या प्लॉटवर कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर प्रश्नांची सरबत्ती चालू होती, कोणाची तूर वाळत होती, कोणाचं कर्ज थकलं होतं. (त्यातले एक-दोन मला ओळखून बाजूला सरकले.) मी लेजर छातीशी धरून माझी पाळी यायची वाट बघत होतो. शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी विचारलं, “तुमचं काय लागलं जी?” मी म्हटलं, “सलगम.” त्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं, पण माझ्या लेजरची जाडी त्यांनी पाहिली होती.

“किती हाय वावर?”

“साठ.”

“साठ एक्कर!” बाबा अदबीने जागेवरून उठले आणि मला पुढे जायला वाट देऊ लागले.

“चौरस फूट,” मी म्हणालो. बाबा पुन्हा बसले.

मी काही न विचारताच घरी आलो.

आता जमीन. आमची कॉलनी झाली त्याआधी इथे पऱ्हाटी उभी असायची, त्यामुळे अंगणात अस्सल वऱ्हाडी काळी माती. तिच्यावर लोक गाणी लिहितात. त्या लोकांनी ती खोदलेली नसते. या मातीत चिकण इतकी की पाणी पडलं की ती फुगते, आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती चप्पल सोडत नाही आणि पावसाळा सरला की कुदळ आत घेत नाही. मी सहा बाय दहा फुटांचा वाफा आखला, दोरी बांधली, कुदळ घेतली, आणि पहिल्याच घावाला कुदळ परत आली. मग सब्बल आणली. सब्बल मारायची, तिच्यावर लोंबकळायचं, एक ढेकूळ वर यायचं, ते फोडायचं, घाम पुसायचा, पाणी प्यायचं, पुन्हा सब्बल, असं चाललं असताना कुंपणावरून आवाज आला.

“भाऊ, हे कायले खोदून रायले? नळ फुटला का?”

हे आमचे शेजारी, दर्यापूरवाले. त्यांचं वावर तिकडे खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला हा पट्टा. जमीन काळीभोर आणि जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहीर असून ओलित नाही. “आमच्याकडं भाजीत मीठ टाकाचं कामच नाई,” असं ते हसत सांगतात, आणि अशा जमिनीत हा माणूस दरवर्षी चना पिकवतो. त्यांनी माझी ढेकळं पायाने उलटून पाहिली, लेजर उलटून पाहिलं, आणि म्हणाले, “कांद खाली वाढाचे हायेत नं तुमचे? मंग या मातीत ते दमतीन. मांगं रेतीचा ढीग पडला, थे टाका अर्धी. अन् शेणखत.”

आमच्या घरामागे, वरच्या मजल्याचं बांधकाम झालं तेव्हाचा, रेतीचा ढीग खरोखरच पडून होता. त्याच्यावर पालापाचोळा साचला होता आणि स्वयंपाकघरातलं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्या पायथ्याशी जात होतं. पण काळ्या सोन्यात रेती मिसळायची? ज्या मातीतल्या कापसाच्या लोभाने इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून अख्खा वऱ्हाड ताब्यात घेतला, त्या मातीत भेसळ? मी दर्यापूरवाल्यांना या विषयावर छोटंसं भाषण दिलं. ते शांतपणे ऐकून घरात गेले. शेणखत मात्र मी टाकलं, आणि उरलेलं पोतं मागे रेतीवर रिकामं केलं. त्या पोत्याला काय माहीत होतं आणि मला काय माहीत नव्हतं, ते पुढे येईलच.

दिवाळी उरकली, रात्री पंखा बंद करावा लागू लागला, तसा मी मुहूर्त धरला. सकाळी आंघोळ करून डबी काढली, झाकणावरची चिठ्ठी वाचून खात्री केली, आणि मोजपट्टी लावून ओळी पाडल्या. बी बारीक असलं की बारीक मातीत मिसळून पेरायचं म्हणजे सारखं पडतं, असं लेजरात होतं, तेही केलं. पेरताना कमरेतून असा काही आवाज आला की बायको आतून “काय पडलं?” म्हणून धावत आली. चार-पाच दिवसांत वाफ्यात हिरव्या ठिपक्यांची रांग उभी राहिली. ओळ सरळ! अंतर बरोबर! मी दर्यापूरवाल्यांना हाक मारून बोलावलं, भाच्याला फोटो पाठवले, आणि दोन दिवस कट्ट्यावर इंग्लंडातल्या शेतीक्रांतीखेरीज दुसरा विषय निघू दिला नाही.

विरळणीला मात्र माझा हात उचलेना. स्वतः उगवलेलं पहिलं रोप, जे या आयुष्यात होईल याची कोणालाच आशा नव्हती, ते कसं उपटायचं? शेवटी सासूबाई पदर खोचून बसल्या आणि खुडत खुडत परडीभर कोवळा पाला घेऊन गेल्या. रात्री फल्लीच्या तेलात लसणाची फोडणी देऊन त्याची भाजी झाली. बायको म्हणाली, “मोहरीच्या पाल्यासारखी लागते.” मी तिला समजावलं की सलगम आणि मोहरी एकाच कुळातली, तेव्हा चव जवळपास असणारच. मग ती म्हणाली, “अन् ही आपली मोहरी अशी काय निघाली? तडतडते, पण नाकात जात नाही.” मी म्हटलं, वाण्याने जुनी दिली असेल. ती म्हणाली, “फेकूनच देते.” मी म्हटलं, दे.

आयुष्यातली सगळी महत्त्वाची संभाषणं मी पेपर वाचता वाचता केली आहेत.

रोपं वाढली. लेजरात सलगमाचा पाला फूट-सव्वाफूट असं होतं. माझा पाला टोंगळ्याला लागला. ही काळ्या मातीची ताकद, मी म्हणालो. मग कमरेला लागला. मी नाही का सांगत होतो, मी म्हणालो. मावा पडला तर साबणाचं पाणी फवारलं. त्यातलं निम्मं वाऱ्याने परत माझ्याच चष्म्यावर आलं. एका पुस्तकात आच्छादनाचं महत्त्व वाचलं, तेव्हा घरामागे रेतीच्या ढिगावर माजलेलं रुंद पानांचं काहीतरी तण होतं, ते बरंचसं उपटून आणलं आणि वाफ्यात पसरलं. हाताला थोडा मुळ्याचा वास आला. तणांनाही कसले कसले वास असतात.

डिसेंबर अर्धा सरला आणि वाफा पिवळा झाला. रोगाने नव्हे, फुलांनी. एवढी फुलं की कॉलनीतल्या मुली पंजाबी ड्रेस घालून येऊन फोटो काढून गेल्या. मी जरा चरकलो. पण लेजर उघडलं तर उत्तर तयार होतं: रोपाला लहानपणी जास्त थंडी लागली तर ते कंद धरायच्या आधी फुलावर येतं. बस! मी कट्ट्यावर जाहीर केलं की अकोल्याची थंडी लुधियान्याच्या तोडीची पडली आहे. लोक स्वेटर काढून हातात घेऊन बसले होते. सासूबाई वाफ्याशी उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “जावईबापू, राग नका मानू. हे तं मोहरी हाय.”

मी राग मानला नाही. मी हसलो. सत्तर वर्षं वावरात काढलेल्या बाईला मी लेजरातली थंडीची ओळ वाचून दाखवली.

खरा घोळ पुढेच. बायकोने भिशीत सांगून टाकलं होतं की यंदा संक्रांतीला वाण बाजारचं नाही, घरचं. प्रत्येकीला एक-एक सलगम. सुगडात गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे घालतात, तर सलगमाने काय पाप केलं, असा माझाही युक्तिवाद होता. तेव्हा संक्रांतीच्या दुपारी कॉलनीतल्या बाया नटूनथटून अंगणात, अमरावतीहून आलेली बहीण आणि मेहुणे ओट्यावर, नात माझ्या शेजारी, दर्यापूरवाले कुंपणावर, आणि मी धोतर नाही पण पायजमा खोचून वाफ्यात, अशी सगळी मांडणी झाली. सर्वांत जाड बुंध्याचं झाड निवडलं. दोन्ही हातांनी धरलं. ओढलं. हललं नाही. पाणी तोडून बरेच दिवस झाले होते आणि काळ्या मातीने आपली मूठ आवळली होती. बायांत कुजबुज झाली: केवढं मोठं असेल!

माझ्या अंगावर काटा आला. मी नातीला म्हटलं, आजीला बोलाव. बायकोने मला धरलं, बहिणीने तिला, नातीने आत्याआजीला, मेहुणे नको नको म्हणत उठले, आणि कुंपणावरून उडी मारून दर्यापूरवालेही आले. साठ वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. एक, दोन, तीन म्हणून ओढलं आणि झाड बुडासकट निघालं, आम्ही सगळे ओळीने मागे बसलो, आणि हातात वर धरलेल्या त्या कमरेएवढ्या झाडाच्या खाली काय होतं? उंदराच्या शेपटीएवढं मूळ. गोष्टीत शेवटी उंदीर येतो. माझ्याकडे नुसती शेपटी आली.

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. मेहुण्यांनी पाठीवरची माती झटकत एवढंच विचारलं, “हे असंच असतं का?” मी दुसरं झाड उपटलं, तिसरं उपटलं, मग दर्यापूरवाल्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “राहू द्या भाऊ, मोहरी चांगली आली. शेंगा भरू द्या.” बायकोने आतून पाकीट आणलं, मला मागच्या दाराने बाजारात पिटाळलं, आणि तासाभरात मी वाणासाठी प्लॅस्टिकचे डबे घेऊन परतलो. त्यांनाही झाकणं होती. पाहून पोटात कुठेतरी हललं, पण काय ते ध्यानात येईना.

ते ध्यानात आणून दिलं सासूबाईंनी, काही दिवसांनी. मागे पाणी फेकायला गेल्या होत्या, त्या हातात काहीतरी घेऊन आल्या. “जावईबापू, हे पाहा बरं. रेतीत कायचं कांद निघालं.” खाली पांढरं, वर जांभळं, मुठीत न मावणारं. सलगमाचा कंद खांद्यापर्यंत जमिनीच्या वर येतो आणि जेवढ्यावर ऊन पडतं तेवढा जांभळा होतो, हे मी लेजरात स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. मी मागे धावलो. रेतीच्या ढिगात, भिंतीच्या सावलीला, डाळ-तांदळाच्या पाण्यावर, त्या फेकलेल्या शेणखताच्या अंगाने, सलगमं बसली होती. मोकळीढाकळी, गोल, डागसुद्धा नाही. थोडीच होती. बाकीची मी तण म्हणून उपटून मोहरीला पांघरली होती.

चौकशी समिती स्वयंपाकघरात बसली. डब्या सगळ्या एका मापाच्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या एकदम घासून पालथ्या घातल्या, आणि सुकल्यावर ज्याला जे झाकण मिळालं ते त्याने घातलं. माझी चिठ्ठी डिंकाने पक्की डकवलेली, त्यामुळे ती तेवढी जागची हलली नाही. मोहरीच्या डबीवर बसून राहिली. पेरली गेली ती मोहरी. आणि आम्ही दिवाळीपासून वरणाला, कढीला, आलू-वांग्याला फोडणी दिली ती लुधियान्याची. उरलेलं बी नाकात जात नाही म्हणून बायकोने मागे रेतीवर भिरकावलं. न मोजपट्टी, न ओळ, न मुहूर्त. भिरकावलं.

स्वतःची बाजू मांडायला मी पुन्हा पुस्तकांत डोकं घातलं आणि बचावाचा मुद्दा मिळाला. जपानात काम करणाऱ्या वू जांग-चुन या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवून दिलं की आपली फोडणीची मोहरी ही मुळात दोन वनस्पतींच्या संकरातून आलेली: एक काळी मोहरी, आणि दुसरी ती जात, जिच्यात सलगम येतं. गुणसूत्रांच्या जोड्या एकीच्या ८, दुसरीच्या १०, आणि मोहरीच्या १८. बेरीज जुळते, शिल्लक शून्य. बँकेत एवढा पुरावा पुरतो. मी हे घरात सविस्तर सांगितलं. बायको म्हणाली, “म्हणजे तुम्ही मायलेकींत घोळ केला. परक्यांत नाही केला, एवढंच ना?” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

सलगमाचा रस्सा झाला. जवसाचं कूट, खोबरं, सांबार, झणझणीत तर्री, सासूबाईंनी जीव ओतला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी डोळे मिटून पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि जे वाटलं ते गिळून “वा!” म्हणालो. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि निकाल दिला: “याच्यापक्षा मुया बरा.” अपील नाही. नातीने तर एक फोड बोटाने ताटाच्या कडेला नेऊन ठेवली आणि विचारलं, गोष्टीतल्या आजोबांनी ते उपटल्यावर खाल्लं का? गोष्ट उपटण्यापाशीच संपते. आता कळतं का ते.

मोहरीला मात्र फेब्रुवारीत शेंगा तट्ट भरल्या. दर्यापूरवाल्यांनी कापून, वाळवून, बडवून दिल्या, सासूबाईंनी सुपात पाखडल्या, मी लेजरात नोंद केली. साठ चौरस फुटांत अर्धा किलोच्या वर! असा उतारा कॉलनीत कोणी काढलेला नाही. कोणी मोहरी लावलेलीही नाही, पण ते वेगळं. मेमध्ये कैरीच्या लोणच्याला लागेल तेवढी काढून ठेवली, बहिणीला अमरावतीला पाठवली, दर्यापूरवाल्यांना दिली, आणि तरी पाव किलो उरलीच. नाकात जाते, हमी देतो. अकोल्याला आलात तर घेऊन जा. फक्त डबी आपली आणा, आणि सलगमाचा विषय सासूबाईंसमोर काढू नका.